मेक लानची न फुटणारी ताटं

याला गावच्या जुन्या बाजारात दुचाकी लावली की सीट उचलून ठेवायची. सगळ्या गाड्या अशा जबडे वासून रांगेत उभ्या. डिकीत भाजी असो, रेनकोट असो, बाळाच्या दुधाचा डबा असो, येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिसला पाहिजे. ज्या गाडीचं तोंड मिटलेलं, तिच्या पोटात बॉम्ब, असंच हा बाजार धरून चालतो. हा नियम दुकानदारांनी केला, आणि ज्या सकाळनंतर केला त्या सकाळी मेक लानचा नवरा मेला.

लान हे तिचं नाव. चिनी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला इथले मलायू मुसलमान मेक म्हणतात, म्हणून सगळ्या बाजाराची ती मेक लान. सासऱ्याने थाटलेलं काचसामानाचं दुकान ती आणि तिचा नवरा तियांग चालवत. त्या सकाळी सव्वानऊला तियांग पायरीवर कॉफीचा पेला घेऊन बसला होता आणि आत बशा पुसणाऱ्या कलसोमला चिडवत होता. मलायू कलसोम एकोणीस वर्षं त्यांच्याकडे कामाला, तियांगला को म्हणजे दादा म्हणणारी.

"अगं कलसोम, दोनशे बशा पुसायला दोन दिवस? तुझं लग्नसुद्धा अर्ध्या दिवसात उरकलं होतं!"

"नवऱ्यावर धूळ बसली तर चालते, को. बशीवर चालत नाही."

को तियांगला हसायलाही वेळ मिळाला नाही. समोरच्या फळवाल्यापाशी बंडखोरांनी लावलेली एक दुचाकी फुटली. फळवाला जागच्या जागी गेला. हादऱ्याने मेक लानच्या दुकानातलं बेचाळीस वर्षांचं काचसामान, छतापर्यंत रचलेल्या बशा, वाडगे, किटल्या, सगळं एका दमात फुटलं. कलसोम कपाटाखाली चेंगरली आणि त्यामुळेच वाचली. मेक लान मागे मोरीत हात धूत होती. ती ओल्या हातांनी बाहेर आली तेव्हा को तियांग बसल्या जागी होता, पेला अजून हातात. बॉम्बचा एक कणही त्याला लागला नव्हता. त्याच्या मानेत बशीचा तुकडा होता, तळहाताएवढा, हिरव्या काठाचा. मेक लानने तो ओढून काढला. तो ओढायला नको होता, असं नंतर दवाखान्यात सांगितलं.

पंधराव्या दिवशी बाजार पुन्हा उघडला. औषधवाल्या को हॉकच्या दुकानात मागच्या बाजूला बैठक झाली. सीट उघड्या ठेवायच्या. रस्त्याच्या कडेला काँक्रीटच्या कमरेएवढ्या भिंती घालायच्या. चारचाकी आत आणायची नाही, आणायचीच तर डिकी दाखवायची. को हॉकने गळ्यात शिट्टी अडकवली ती कायमची.

"तोंड मिटलेली गाडी दिसली की मी शिट्टी मारणार," तो म्हणाला, "आणि तुम्ही सगळ्यांनी शटर ओढायचं. आधी शटर, मग चौकशी."

"आणि माणूस रस्त्यात राहिला तर?" घड्याळवाल्याने विचारलं.

"शटर म्हणालो ना!"

 बैठकीहून येऊन मेक लानने आपला निर्णय कलसोमला सांगितला. फुटेल अशी एकही वस्तू पुन्हा दुकानात यायची नाही. आता मेलामाईन.

"मेक, मेलामाईनमध्ये जेवायला गावातले लोक काय बाळं आहेत?" कलसोम म्हणाली. तिचा एक कान त्या दिवसापासून गेला होता, म्हणून ती ओरडून बोलायची. "खुळखुळा देताय हातात, असं म्हणतील!"

तसंच म्हणाले. दुकानाचं तीन चतुर्थांश गिऱ्हाईक आसपासच्या मलायू गावांचं. लग्न, बारसं, चाळिसावा, कुठलंही जेवण असलं की तीन-तीनशे ताटं लागतात, आणि गावं ती एकमेकांची नेतात. मिसळू नयेत म्हणून सासऱ्याने रीत बांधून दिली होती: लुबोकला हिरवा काठ, तांजोंगला लाल, कुवालाला निळा. कुठल्या गावाला कुठला काठ हे मेक लानला झोपेतसुद्धा पाठ. तिने कारखान्याच्या मागे लागून मेलामाईनवर तेच काठ छापून घेतले. तरी तांजोंगच्या बायका ताट बोटाने वाजवून पाहत आणि नाक मुरडत.

"यावर भाताला चव कशी येणार, मेक? हलकं आहे. वाऱ्याने उडेल."

मेक लान ताट उचलायची आणि भिंतीवर फेकायची. सगळ्या जोरानिशी. बायका किंचाळून कानांवर हात घेत. ताट टणकन आपटून गिरक्या घेत त्यांच्या पायाशी येऊन बसायचं, साधा टवका नाही. मग दुसरं. मग तिसरं. कधीकधी गिऱ्हाईक पैसे काढायला लागलं तरी तिचं फेकणं चालूच राहायचं, आणि कलसोमला येऊन तिचं मनगट धरावं लागायचं. "विकलं गेलं, मेक. बास."

पण माल खपायला लागला. कलसोम गावोगावी फोन करून मागणी घेई, ताटं दुसऱ्या दिवशी पोचती होत, म्हणजे बायकांना बाजारात जीव मुठीत धरून थांबायला नको. शुक्रवारी, नमाजाच्या दिवशी, उघडाल तर कान कापू अशा निनावी चिठ्ठ्या आल्या तेव्हा शुक्रवार बंद आणि रविवार चालू झाला.

मुलगा पिसित हाट याय शहरात मोबाईलच्या दुकानात होता. त्याचा दर रविवारी फोन.

"मा, विकून टाक. तिथे काय ठेवलंय आता?"

"गिऱ्हाईक ठेवलंय."

"गिऱ्हाईक असेपर्यंत राहा. ज्या महिन्यात गावं यायची थांबतील, त्या महिन्यात मी गाडी घेऊन येईन आणि तुला सामानासकट उचलीन. कबूल?"

"कबूल," मेक लान म्हणाली. गावं थांबणार नाहीत याची तिला खात्री होती. आणि हाट यायच्या सातव्या मजल्यावर, नातवाचे चड्डी-बनियन वाळत घालत मरायचं नाही, हेही तिने ठरवलेलं होतं.

सहा महिने गेले. एका बुधवारी, साडेदहाच्या सुमाराला, को हॉक औषधाच्या पुड्या बांधता बांधता उभा राहिला. मेक लानच्या दुकानासमोर एक काळी दुचाकी होती. सीट मिटलेली.

"कुणाची? काळी गाडी कुणाची?"

कुणीच पुढे आलं नाही. को हॉकने शिट्टी फुंकली. धडाधड शटरं पडली. बायका पोरांना काखोटीला मारून पळाल्या, कुणाची टोपली उलटली आणि त्यातले मासे रस्त्यात तडफडायला लागले. मेक लानचं शटर निम्म्यावर अडकलं. ते ओढायचा लांब लोखंडी आकडा तिच्या हातात होता.

तेवढ्यात कापडवाल्याच्या बोळातून एक माणूस धावत आला. पस्तिशीचा, डोक्यावर पांढरी टोपी, हात पुढे केलेला.

"माझी आहे! थांबा, उघडतो, उघडतो!"

तो गाडीकडे निघाला होता. मागून कुणीतरी ओरडलं, "हातात काय आहे बघा! बटण आहे!"

मेक लान सगळ्यांत जवळ होती. तिने त्याचा चेहरा पाहिलाच नाही, फक्त तो पुढे आलेला हात पाहिला. तिने आकडा दोन्ही हातांनी उचलला आणि त्या हातावर घातला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. किल्ली उडून गटारात पडली. माणूस गुडघ्यावर आला. तिने दुसऱ्यांदा मारलं, त्याच मनगटावर. मग तिसऱ्यांदा. मग इतरांनाही धीर आला. को हॉकने लाकडी स्टूल त्याच्या पाठीत घातलं. घड्याळवाला, एरवी मुंगी चुकवून चालणारा माणूस, लाथा मारत होता आणि प्रत्येक लाथेला एकच शिवी देत होता. माणूस आडवा झाला, टोपी रक्ताने भिजली, तरी मेक लानचा आकडा वर-खाली होतच होता.

कलसोमने तिच्या कमरेला मागून मिठी मारली आणि तिला उचलूनच बाजूला केलं.

"मेक! बास! मेलाय तो, मेलाय!"

तो मेला नव्हता. बॉम्ब निकामी करणारे पोलीस आले, त्यांनी सगळ्यांना भिंतीमागे लोटलं आणि पाण्याच्या तोफेने गाडी उडवली. सीट छपराएवढी उंच गेली. आतलं सामान रस्त्यावर सांडलं. पांढरं कोरं कापड, कितीतरी हात लांब, पाण्याने चिंब. कापराच्या पुड्या. कापूस. गुलाबपाण्याची बाटली.

"कापड आहे नुसतं," को हॉक म्हणाला.

"कफन आहे," कलसोम म्हणाली.

रस्त्यावरचा माणूस रक्ताने भरलेल्या तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. कलसोम वाकली. तो म्हणत होता, "आईचं आहे. खाली ठेवू नका."

त्याचं नाव दोलोह, लुबोक गावचा, रबराच्या झाडांचा चीक काढणारा. आई पहाटे गेली होती. दुपारच्या आत तिला पुरायचं होतं. दोलोह तीन महिने दवाखान्यात होता. आईला दुसऱ्याच कापडात गुंडाळून दुसऱ्यांनी पुरलं, मुलाने मूठभर माती टाकली नाही. डावा हात बरा झाला. उजव्या मनगटात इतके तुकडे होते की डॉक्टरांनी ते मोजायचं सोडून दिलं.

"सीट का मिटली त्याने?" मेक लान त्या दिवशी दुकानात ओरडत होती. "सगळ्या याला गावाला नियम माहीत आहे. का मिटली?"

"उघडं कफन रस्त्यात ठेवत नाहीत, मेक. ते घरातलं दुसरं माणूस मागतं. मीसुद्धा झाकलं असतं."

"मग हे सांगायचं नाही का तुम्ही लोकांनी?"

कलसोम ताटं पुसायची थांबली. एकोणीस वर्षांत तुम्ही लोक हे शब्द तिने मेक लानच्या तोंडून प्रथमच ऐकले होते.

"बैठकीला बोलावलं होतं आम्हाला?" तिने विचारलं.

चौकीत गैरसमज अशी नोंद झाली. बाजार म्हणाला, चूक त्याची. पण लुबोकने काही म्हटलं नाही, आणि गाव काही म्हणत नाही तेव्हा ते वाईट. आधी लुबोकची मागणी थांबली. मग तांजोंगची. कलसोम फोन लावायची, पलीकडून सलाम घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. एका सकाळी शटरवर कोंबड्याचं कापलेलं मुंडकं खिळ्याने ठोकलेलं होतं. मेक लानने ते पकडीने उपटलं आणि शटर धुतलं. तीन महिन्यांत एकही ताट विकलं गेलं नाही. पिसितचा फोन आला. "मा, पुढच्या शनिवारी येतो. कबूल केलंयस तू."

"कलसोम," मेक लान म्हणाली, "मला लुबोकला ने."

"जिवंत परत यायचा बेत आहे ना?"

"तू नेतेस की मी एकटी जाऊ?"

कलसोमच्या गाडीवर मागे बसून, मांडीवर हिरव्या काठाच्या तीस ताटांचा गठ्ठा धरून ती गेली. रबराच्या मळ्यातून जाताना कुणी थांबवलं नाही, पण त्यांच्या मागे दोन गाड्या लागल्या त्या दारापर्यंत. दोलोह घराच्या जिन्यावर बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, जणू दुसऱ्या कुणाचा. त्याची बहीण तिमोह नारळ फोडत होती. तिने मेक लानला पाहिलं आणि कोयता तसाच हातात धरून उठली.

"काय आणलंस?"

मेक वगैरे काही नाही. मेक लानने गठ्ठा खाली ठेवला. "तुझ्या आईच्या नावाचं जेवण राहिलं असेल. ताटं आणलीत."

तिमोहने वरचं ताट घेतलं आणि अंगणातल्या दगडावर आपटलं. ते उसळून परत आलं. तिने पुन्हा आपटलं. पायाने दाबलं. कुंपणावर फेकलं. जमलेल्यांपैकी एक म्हातारी फिसकन हसली आणि ते ऐकून तिमोहचं डोकंच फिरलं. तिने ताट लाकडी ठोकळ्यावर ठेवून कोयत्याने दोन तुकडे केले. दुसऱ्याचे केले. तिसऱ्याचे. हिरव्या काठाचे तुकडे अंगणभर उडाले. मग ती धापा टाकत थांबली आणि कोयत्याने ठोकळा दाखवला.

"हात ठेव."

"तिमोह, काय बोलतेस!" कलसोम पुढे झाली. मागून आलेल्यांनी तिला धरलं.

"तीन वेळा मारलं ना? मी एकदाच मारीन. ठेव."

मेक लान खाली बसली. तिला को तियांगच्या मानेतून उपसलेला तुकडा आठवला, आणि हा हात चांगला नाही, हा हात नको तिथे पडतो, असं तिच्या मनात आलं. तिने उजवं मनगट ठोकळ्यावर ठेवलं. नारळाच्या पाण्याने लाकूड ओलं होतं. तिमोहने कोयता डोक्यावर नेला.

"तिचा हात घेऊन मी चीक काढू?" दोलोह जिन्यावरून म्हणाला.

कोयता वरच राहिला.

"विचारतोय तुला. तिचा हात माझ्या मनगटाला शिवणार आहेस? नाही ना? मग ठेव तो कोयता, नारळ संपव." तो उठून मेक लानच्या समोर आला. "मला काम पाहिजे. तुझ्या दारात. गाड्या मी बघणार. कुणाची उघडी, कुणाची मिटलेली, आणि का मिटलेली, हे मी विचारणार. शिट्टी माझ्या गळ्यात."

"बाजार मानणार नाही," मेक लान म्हणाली.

"बाजाराला मी विचारत नाहीये."

तिने ठोकळ्यावरचा हात उचलला. तिने मान डोलावली. "उद्यापासून ये."

बाजारात आगडोंब उसळला. को हॉक दुकानात येऊन काउंटरवर मुठी आपटू लागला.

"आ-लान, ज्याला आपण मारलं त्याच्याच हाती गाड्या? वैर धरून बसलाय तो! एक दिवस स्वतःच आणून ठेवेल!"

"शिट्टी काढ, को हॉक."

"नवऱ्याची आठवण आहे का नाही?"

"शिट्टी काढ म्हणते ना!" ती काउंटरला वळसा घालून आली आणि तिने दोरीला असा हिसडा दिला की को हॉकच्या मानेवर लाल वळ उठला. घड्याळवाला दाराशी उभा होता, तो दोन पावलं मागे सरला.

दोलोह भिंतीपाशी स्टुलावर बसू लागला. कामापलीकडे मेक लानशी एक शब्द बोलत नसे. डाव्या हाताने सीट उचलून बघे. मिटलेली दिसली तर मालकाला हुडकून काढी आणि हलक्या आवाजात, भावाला हाक मारावी तसं विचारी, "काय आहे आत, बांग? झाकायचं आहे? मग माझ्यादेखत झाका." पोलिसाच्या गाडीचीही सीट त्याने उघडायला लावली. रोज सकाळी मेक लान आपल्या गाडीवरून आली की तिलाही म्हणे, "उघड." ती उघडे. को हॉक दिवसभर औषधांपेक्षा दोलोहकडेच जास्त बघायचा, हातात स्टूल तयार. तीन-चार दिवस असेच गेले. मग तांजोंगच्या दोन बायका आल्या, दोलोहशी बराच वेळ बोलल्या आणि आत येऊन म्हणाल्या, "लग्न आहे, मेक. लाल काठाची तीनशे."

शनिवारी पिसित आला. पिकअप गाडी थेट दुकानासमोर उभी केली, मागे ताडपत्री बांधलेली. दोलोह उठला.

"ताडपत्री उघडा."

"तू कोण?"

"उघडा म्हटलं."

पिसितने त्याचा मोडका हात पाहिला आणि ओळखलं. "अच्छा, तो तूच! मला सांगतोस? माझ्या बापाच्या पायरीवर उभा राहून मला सांगतोस?" त्याने दोलोहची कॉलर धरली आणि त्याला भिंतीवर आपटलं. दोलोहचं डोकं काँक्रीटला लागलं, रक्त आलं. रस्ता थबकला. तांजोंगच्या बायका ताटं मोजत होत्या, त्यांचे हात थांबले. मलायू लोकांचं एक कोंडाळं गाडीच्या मागून पुढे सरकलं, तशी को हॉकचीही माणसं इकडून. एकाच्या हातात बर्फ फोडायचा टोचा होता.

मेक लान पायरी उतरली. पिसितने तिच्याकडे वळून "मा, हा..." म्हटलं आणि तिने त्याच्या तोंडावर अशी लगावली की त्याचा ओठ फाटला. मग दुसऱ्या गालावर. छत्तीस वर्षांचा पोरगा, त्याने कॉलर सोडली.

"उघड," ती म्हणाली.

"मा, लोक बघतायत."

"बघू देत. उघड."

त्याने रक्त थुंकलं आणि ताडपत्रीच्या दोऱ्या सोडल्या. आत रिकामी खोकी होती, पन्नास-साठ, एकात एक घातलेली, आणि दोरखंड. दोलोहने डाव्या हाताने एकेक खोकं हलवून पाहिलं. कपाळावरचं रक्त डोळ्यात उतरत होतं, ते त्याने बाहीने पुसलं आणि पुन्हा हलवून पाहिलं. टोचावाला टोचा खिशात घालून मागे गेला.

"बरं झालं खोकी आणलीस," कलसोम दारातून ओरडली. "तांजोंगची ताटं बांधायला पुरत नव्हती!"

पिसित आईच्या जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मा, तो विसरलेला नाही. डोळे बघ त्याचे. एक दिवस तो तुला मारेल."

"मी त्याला मारलंय," मेक लान म्हणाली. "त्याची पाळी बाकी आहे, ते मला माहीत आहे. तू खोकी उतरव."

दोलोहने शेवटचं खोकं तपासून ताडपत्री खाली सोडली आणि पिसितला बोटाने रस्त्याचं टोक दाखवलं.

"उतरवून झालं की गाडी तिकडे न्या. इथे चारचाकी उभी करायची नाही."